दुसरा गाऊन

माझी लेक मित्रा आजारी होती तेव्हा मला जी काळजी झोपू देत नव्हती, ती सांगायची अजूनही लाज वाटते. आईला शोभणाऱ्या काळज्या वेगळ्या असतात. लेकराचा श्वास नीट चाललाय का, औषध पोटात राहिलं का, ताप उतरतोय का. त्या काळज्या मलाही होत्या, पण त्या वाहायला डॉक्टर होते, नर्स मालनबाई होत्या, इंजेक्शनं होती. माझी एकटीची म्हणावी अशी काळजी एकच. ही पोरगी बरी होईल, माझ्या मांडीवर बसेल, आणि विचारेल, "आई, तू आत का नाही आलीस?"

त्याचं उत्तर मी रोज जुळवायची. बाळाला पाजताना, भाकरी थापताना. शाळेत निबंधात माझा नंबर पहिला असायचा. पण पाच वर्षांच्या मुलीला पटेल असं एक वाक्य मला सापडत नव्हतं.

मित्राला घटसर्प झाला होता. परभणीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून तिचा घसा पाहिला, आणि त्यांचा चेहरा एकदम शांत झाला. शांत झालेला डॉक्टर किती भीती घालतो ते मला त्या दिवशी कळलं. इंजेक्शनं दिली, धोक्याचे पहिले दिवस तिथंच काढले. मग सांसर्गिक वॉर्डात गॅस्ट्रोचे पेशंट इतके आले की जमिनीवरही गाद्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, "हिला इथं ठेवून दुसरं काही लावून घेण्यापेक्षा घरी न्या. वेगळी खोली आहे ना? मी मालनबाईंना पाठवतो."

वसमत रस्त्याला आमच्या तीन खोल्या होत्या, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. पुढं ओसरी. माझे मिस्टर, रंगनाथराव, नव्या कृषी विद्यापीठात क्लार्क होते. सकाळी सायकलवर जायचे ते संध्याकाळी यायचे. घरात मी, माझ्या सासूबाई पंचफुला, त्यांना मी मामी म्हणते, मित्रा, आणि पाळण्यातला बाळ, नाव अजून ठेवलेलं नव्हतं. मागची खोली मित्राला दिली.

मालनबाईंचं अख्खं आयुष्य सांसर्गिक वॉर्डात गेलेलं. रिटायर झाल्यावर त्या डॉक्टर सांगतील त्या घरी जाऊन पेशंट सांभाळायच्या. अंगानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. पांढरं पातळ, पांढरे केस, गालात सुपारी. आल्या आल्या त्यांनी सगळ्या घराला कामाला लावलं.

"पोरीचे केस बारीक कापा. दाराला चादर बांधा, फिनेलच्या पान्यात भिजवून. वाळू द्यायची न्हाई. आनि बाई, ह्ये तान्हं तुमच्या अंगावर पितंय ना?"

"हो."

"मंग तुमी आत न्हाई."

"अजिबात?"

"दारात नुसतं डोकावलं तरी माझ्याशी गाठ हाय. एक लेकरू वाचवताना दुसरं घालवायचं हाय का?"

"म्या बसते की आत," मामी म्हणाल्या, आणि त्याच दमात त्यांना खोकल्याची उबळ आली. ती संपेपर्यंत मालनबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बगा. तुमीच जवाब दिला, मावशी."

आणखी एक हुकूम होता, आणि तो सगळ्यांत जड. मित्रानं उताणं पडून राहायचं. उठून बसायचं नाही, उशीवरून डोकंसुद्धा उचलायचं नाही. "घसा साफ व्हायलाय, ते खरं. पर ह्या रोगाचं इख काळजात उतरतंय. पोरगं बरं दिसतं, हसतं, खातं. आनि पानी प्यायला म्हनून उठून बसलं की..." त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

दुसऱ्या दिवशी मी कच्छी बाजारात मांजरपाट आणायला गेले. मालनबाईंना आत घालायला लांब बाह्यांचा गाऊन हवा होता. दुकानदार कापड फाडताना म्हणाला, "बाळाच्या दुपट्याला का, वैनी?" मी हो म्हटलं. घटसर्पाचं घर म्हटल्यावर गल्लीतल्या बायकांनी आमच्या नळावर पाणी भरणं सोडलं असतं. घरी येऊन हातमशिनीवर गाऊन शिवला. मालनबाईंच्या मापाचा, म्हणजे जवळजवळ तंबूच. त्यांनी तो आत दाराजवळच्या खुंटीला टांगला आणि शेजारी स्टुलावर औषधाच्या जांभळ्या पाण्याचं घमेलं ठेवलं. आत जाताना गाऊन घालायचा, बाहेर येताना हात धुवायचे. त्या पाण्यानं त्यांचे तळवे कायमचे तपकिरी झाले होते, मेंदी उतरत आल्यासारखे.

रात्री त्या मित्राजवळच निजायच्या. सकाळ त्यांचीच. कापसाच्या जिनिंगचा दुपारचा भोंगा झाला की त्या सायकलरिक्षा करून आपल्या दुसऱ्या पेशंटांकडं जायच्या, कुणाचा टायफॉईड, कुणाचा बाळंतज्वर, आणि चहाच्या वेळेला परत. तेवढीच दुपार पोर एकटी. औषधानं ती झोपेल असं त्यांचं म्हणणं.

ती झोपत नव्हती.

ऑक्टोबर महिना. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. जिनिंगमधून उडालेला कापूस वाऱ्यावर तरंगत घरात यायचा आणि ओल्या चादरीला चिकटायचा. मामी ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला परतवण्याच्या नावाखाली घोरत असायच्या. मी मधल्या खोलीत, एक हात पाळण्याच्या दोरीवर आणि तोंड चादरीकडं. फिनेलच्या वासानं डोळे चुरचुरायचे. मी चादरीला गोष्टी सांगायची. पिंगळी माझं माहेर. तिथल्या स्टेशनावरच्या एका शेळीला आगगाडीत बसायचं होतं, अशी एक गोष्ट मी रोज थोडी थोडी रचत होते. ती शेळी अजून प्लॅटफॉर्मवरच होती, कारण मलाच पुढचं सुचत नव्हतं.

त्या दुपारी मित्रा गोष्ट ऐकेना.

"आई, आत ये."

"येते हं. थोडं थांब."

"तू कालपन थोडं थांब म्हणलीस."

"मालनबाई येतील आता..."

"मला मालनबाई नको. तू ये. न्हाई तर मी उठते."

बाजेची सुंभं करकरली. "मित्रा, डोकं खाली! खाली ठेव!"

"मंग तू ये."

मी उठले. चादरीला हात लावला. थंड, जड, ओली. मागं पाळण्यात बाळ रडायला लागला. पान्हा फुटून माझं पोलकं भिजलं. बाज परत करकरली, या वेळी जास्त. पोर खरंच उठत होती. आणि मी, सुनेत्रा, मॅट्रिक पास, चादरीचा काठ मुठीत धरून तशीच उभी राहिले. आतही गेले नाही आणि मागंही फिरले नाही. असलं न धड इकडं न धड तिकडं उभं राहणं मला जन्मापासून चांगलं जमतं.

मग बाजेचा आवाज थांबला. हळूच, कुणी खांद्याला धरून निजवावं तसा.

आतून मित्राचा आवाज आला. अगदी समाधानाचा. "हां. आता न्हाई उठत."

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. नंतर पाळण्यापाशी येऊन बसले आणि मनाशी म्हटलं, दमली असेल. पोरं अशी मध्येच दमतात.

चहाच्या वेळेला मालनबाई आल्या, आत गेल्या, आणि लगेच बाहेर आल्या. इतक्या लवकर त्या कधी येत नसत.

"आत गेलताव?"

"नाही."

"खोटं बोलू नका. माझ्या गाऊनच्या बाह्या वल्या हायेत. घमेल्यातलं पानी खाली सांडलंय. आनि ह्ये काय?" त्यांनी बोटावर गुंडाळलेला एक केस दाखवला. लांब, काळा. "उशीवर व्हता. पोरीचे केस कापलेले, माझे पांढरे. मावशीच्या डोक्यावर केसच किती हायेत?"

"ए!" ओसरीवरून मामी म्हणाल्या.

बाळंतपणानंतर माझे केस मुठीनं गळत होते. घरभर असायचे, भातातसुद्धा. पण उशीवर?

मालनबाईंनी माझे हात उलटे करून तळवे उजेडात पाहिले. ते स्वच्छ होते. मला वाटलं, आता सुटले. पण त्यांचा चेहरा अधिकच काळवंडला. "म्हंजे पानी नुसतं सांडलं, हातबी न धुता आलाव. धुतले असते तर डाग दिसला असता. आनि तसंच त्याला घेटलं?" त्यांनी पाळण्याकडं पाहिलं. "परत असं झालं तर मी येनार न्हाई. सांगून ठेवते."

जे करायला जीव तुटत होता आणि जे मी केलं नव्हतं, त्याबद्दल बोलणी खाल्ली. माणसाला राग यायला हवा. मला काय आली, तर शंका. गेलेही असेन. बाळ झाल्यापासून माझी झोप आणि जाग यांत फरक राहिला नव्हता; एकदा मी कुकर न लावताच पाळण्याला झोका देत शिट्टीची वाट बघत बसले होते. मी खरंच आत गेले असेन, लेकराला निजवलं असेन, आणि तेच हात बाळाला लावले असतील, तर?

"मामी, मी दुपारी झोपेत उठून चालते का?"

"तू? तुला उठवायला डफडं वाजवावं लागतंय."

रात्री ह्यांना सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "पदराची गाठ पाळण्याच्या दोरीला मार," म्हणाले. "उठलीस तर पाळणा हलेल, बाळ रडेल, मामी जागी होईल. पुरावा पाहिजे ना तुला?" आठ तास कचेरीत काढणाऱ्या माणसाला पुराव्याचंच सुचणार.

दुसऱ्या दिवशी मी गाठ मारली. एक नाही, निरगाठ, वर परत गाठ. दुपारभर मित्रानं एकदाही हाक मारली नाही. आत बोलणं मात्र चालू होतं, बारीक आवाजात. मध्येच ती खुदकन हसली. बाहुलीशी बोलत असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. बाहुली आत नव्हती. मालनबाईंनी ती पहिल्याच दिवशी उकळून वाळत घातली होती.

मालनबाई आल्या तेव्हा गाठ जशीच्या तशी होती. त्यांनी ती स्वतः सोडवायचा प्रयत्न केला, नखं दुखेपर्यंत. मग आत गेल्या. गाऊन बाहेर आणून माझ्यासमोर धरला. बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

या वेळी त्या ओरडल्या नाहीत. पाटावर बसल्या. "उद्या मी जानार न्हाई कुठं," म्हणाल्या. "तुमच्यापाशीच बसते."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. ओसरीवर मामी लगेचच घोरायला लागल्या. मालनबाई आणि मी चादरीच्या बाहेर जवळ जवळ बसलो, त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागेल इतक्या. बाळ माझ्या मांडीवर. खिडकीतून आलेली कापसाची एक म्हातारी चादरीपर्यंत तरंगत गेली आणि चिकटली. बराच वेळ काही नाही. घमेल्यात थेंब पडल्यासारखा आवाज आला, तेवढाच. मग कापडाची सळसळ. कुणीतरी बाह्यांत हात घातले.

आणि आवाज सुरू झाला.

"...मग शेळी म्हणाली, तिकीटबाबू, मला उभ्यानं जायचं नाही, मला खिडकी पाहिजे..."

मित्रा हसली.

तो आवाज माझा होता. आपला आवाज दुसरीकडून आला की आधी ओळखू येत नाही. मलाही आला नाही. वाटलं, ही कोण बाई, किती मऊ बोलते. मग "तिकीटबाबू"नंतर मी जशी थांबते तशी ती थांबली, आणि मला तो ओळखू आला.

मालनबाईंनी माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड मिटलेलं होतं, तरी त्यांनी आपला तो तपकिरी तळवा माझ्या ओठांवर गच्च दाबला. आत गोष्ट चालूच राहिली. शेळी गाडीत चढली. मानवत रोड स्टेशनाला उतरून तिनं चहा मागितला. मला या गोष्टीचा शेवट माहीत नव्हता. आणि इतक्या भीतीतही मी कान देऊन ऐकत होते, हे सांगायला हवं.

मालनबाई उठल्या. चादर बाजूला केली. आत गेल्या.

आवाज थांबला.

त्या बाहेर आल्या तेव्हा सुपारी चघळायची थांबली होती. त्यांनी हात धुतले. परत धुतले.

"काय... काय होतं?"

"काय न्हाई. लेकरू निजलंय. लय छान निजलंय."

"मालनबाई..."

"बाजंवर पोरीच्या बाजूला खड्डा हाय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मानूस पडून उठलं की ऱ्हातो तसा. हात लावला म्या. गरम हाय." मग, "माझा गाऊन खुंटीला व्हता. हलायलता."

मामी जाग्या होऊन दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता त्या लिंबाचा पाला म्हणतील, उतारा म्हणतील. त्या भिंतीवरच्या तसबिरीकडं बघत उभ्या राहिल्या, बुद्ध आणि बाबासाहेब. "आमी छपन्न सालीच सगळे देव टोपल्यात घालून नदीला सोडून आलो," त्या म्हणाल्या. "त्यातच ह्येबी सगळं गेलं म्हनलं. आता कुन्या नावानं हाक मारू हिला? काय दिऊन वाटंला लावू?" आणि जरा वेळानं, "पोरगी पडून ऱ्हायली ना पर?"

ते खरं होतं. पोरगी पडून राहिली होती. मी काही न करता उभी असताना कुणीतरी तिला निजवलं होतं.

मालनबाईंनी चहा घेतला. चहानं त्यांना जरा माणसात आणलं. "उद्या बाजारात जावा," त्या म्हणाल्या. "मांजरपाट आना. आनखी एक गाऊन शिवा."

"कुणासाठी?"

"जे कुनी बसतंय त्याच्यासाठी! रोज माझा गाऊन भिजवून ठेवायलंय. मी वल्या गाऊनात रात काढायची व्हय? आनि एक सांगते, जित्तं असू का आनखी काय असू, रोगाला काय त्याचं? माझ्या पेशंटापाशी बसायचं तर गाऊन घालून बसायचं. आत घातलेला आतच काढायचा. बाहीर न्यायचा न्हाई." शेवटची वाक्यं त्यांनी चादरीकडं तोंड करून, मोठ्यानं म्हटली, नव्या शिकाऊ नर्सला सांगावं तशी.

"माप कुणाचं घेऊ?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तुमचंच."

दुकानदार म्हणाला, "अजून दुपटी?" मी हो म्हटलं. मशिनीवर बसून मी स्वतःच्या मापाचा गाऊन शिवला. खांदा, बाही, उंची. शिवून झाल्यावर सवयीनं अंगाला लावून बघायला गेले आणि तसाच खाली ठेवला.

त्यानंतर खुंटीला दोन गाऊन असायचे. मालनबाईंचा कोरडा राहायला लागला. दुसऱ्याच्या बाह्या रोज ओल्या, आणि पाणी आता जमिनीवर सांडत नव्हतं. "शिकायलंय," मालनबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडं कौतुकही होतं. परत त्या दुपारच्या जायला लागल्या.

आणि मी? मी चादरीबाहेर बसून ऐकायची. भीती रोज थोडी कमी होत गेली, भाजलेल्या जागेची आग कमी होते तशी, आणि तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. मला त्या बाईचा हेवा वाटायला लागला. तिच्या गोष्टी माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. ती चिडत नव्हती. तिला भाकरी करायची नव्हती, धुणं नव्हतं, तान्हं नव्हतं. माझ्यातलं दमलेलं सगळं वजा करून जी आई उरेल, ती आत बसली होती. एकदा मी न राहवून म्हटलं, "मित्रा, मी आहे बरं का इथं." आतून उत्तर आलं, "हो, म्हाईत हाय. बस तिथंच." कुणी दिलं ते उत्तर, मला नक्की सांगता येणार नाही.

डॉक्टर घरी येऊन गेले. नाडी धरून खूप वेळ बसले. "काळजावर परिणाम झाला होता," बाहेर येऊन म्हणाले. "आता ठोके नीट लागतायत. या वयाचं मूल इतकं निश्चल पडून राहिलेलं मी पाहिलं नाही. जवळ कोण बसतं?"

मी मामींकडं बघितलं, मामींनी मालनबाईंकडं.

"घरचंच हाय कुनीतरी," मालनबाई म्हणाल्या.

घशातला नमुना तपासायला पाठवत होतो, तो पुन्हा पुन्हा साफ आला. आणि एका सकाळी डॉक्टरांचा निरोप आला: उठवा, बसवा, बाहेर आणा. ह्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पेढे आणायला गेले. मामींनी बाजेची वाकळ चुलीत घालायला बाहेर काढून ठेवली. मी बाळाला पाजून मधल्या खोलीत पाळण्यात निजवलं आणि ओसरीवर येऊन बसले. केस नीट बांधले. लग्नातसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. माझं वाक्य तयार होतं: मी आत आले असते, तर तुझा रोग बाळाला झाला असता, आणि मला तुम्ही दोघंही पाहिजे होता. खरं होतं ते. पण पाच वर्षांच्या मुलीला मी ते विकतच होते, हे मलाही कळत होतं.

मालनबाई मित्राला उचलून घेऊन आल्या. पोर किती हलकी झाली होती! त्यांनी तिला माझ्या मांडीवर ठेवलं. कापलेले केस थोडे वाढून उभे राहिले होते. मी तिच्या टाळूवर नाक ठेवलं. फिनेल, औषध, आणि त्याखाली तिचा स्वतःचा वास. ती बाहेरचं ऊन डोळे बारीक करून बघत राहिली. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं, नीट, कुठं काही वेगळं आहे का ते तपासावं तसं.

आता विचारणार, मला वाटलं.

मालनबाई गाऊन उकळायला टाकायचे म्हणून परत आत गेल्या होत्या. त्या दारात आल्या. हातात एकच गाऊन होता, त्यांचा, तंबूसारखा.

"दुसरा कुठंय?" त्या म्हणाल्या. "बाई, तुमी घेटला का?"

"नाही. मी कशाला..."

"मावशी?"

मामींनी नकारार्थी मान हलवली.

मालनबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या दुपारीही त्या इतक्या घाबरलेल्या दिसल्या नव्हत्या. "खुंटीला न्हाई," त्या म्हणाल्या. "काढलाच न्हाई तिनं. सांगितलं व्हतं म्या, आतच काढायचा... बाहीर न्यायचा न्हाई..." त्यांनी चादर सोडलेल्या मोकळ्या दाराकडं पाहिलं, आणि मग मधल्या खोलीकडं.

आत बाळ कुरकुरला. पाळण्याची कडी एकदा वाजली, आणि मग सावकाश, एका लयीत, वाजत राहिली.

मी उठायला गेले. मित्रानं आपला काडीसारखा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि मला हळूच खाली दाबलं.

"उठू नको ना, आई," ती म्हणाली. "बाळापाशी ती बसलीय. तू इथंच बाहेर बस."